गेममधला चेहरा

जव्हारच्या एसटी स्टँडजवळ परागसरांचा कॉम्प्युटर क्लास होता. तिथे हर्षदा शिकवायची. जामसरहून सकाळच्या गाडीने यायची आणि संध्याकाळच्या गाडीने परतायची. साल दोन हजार चार. तास संपला की मुलं गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळत बसत, आणि सर त्यांना अडवत नसत.

एका सोमवारी कोपऱ्यातल्या मशीनभोवती मुलं दाटीवाटीने बसून हसत होती. हर्षदा त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली तसं हसणं थांबलं, पण गेम बंद करायचं कुणाला सुचलं नाही. गेममध्ये रस्ता ओलांडणारी एक बाई होती. तिला चुकवून गाडी पुढे न्यायची असे. खेळणाऱ्याने गाडी सरळ तिच्या अंगावर घातली. बाई उडून काचेवर आपटली आणि क्षणभर तिचा चेहरा पडदाभर दिसला. चेहरा हर्षदाचा होता. क्लासच्या ओळखपत्रासाठी स्कॅन केलेला तिचाच फोटो. आणि बाईला उडवलं की गुण वाढत होते.

तिने मुलांना घरी पाठवलं. गौतम नावाचा एक विद्यार्थी मात्र दारात घुटमळत राहिला. हे धर्मेंद्रने केलंय, असं त्याने खालमानेने सांगितलं. पोशेऱ्याचा धर्मेंद्र क्लासची मशीनं दुरुस्त करायला यायचा. गेल्या महिन्यात त्याने तिला मोटारसायकलवरून घरी सोडतो म्हटलं होतं आणि तिने सरळ नकार दिला होता. तेव्हा तो नुसता बघत राहिला होता. जाता जाता गौतम आणखी एक सांगून गेला. मोखाड्याला नीताताईंच्या कॉम्प्युटर सेंटरवरही धर्मेंद्रने हाच गेम टाकला होता.

नीताताईंचं सेंटर पंचायत समितीच्या समोरच होतं, आणि समितीच्या कचेरीत तिचे वडील, पुंजा, शिपाई होते. मुलीला एवढ्या लांब नोकरीला कशाला धाडतोस, म्हणून भाऊबंद त्यांना आधीच टोचून बोलले होते. कुणीतरी त्यांना हाक मारून आत नेईल, पडद्यावर तुमची मुलगी बघा म्हणेल. तिच्या डोळ्यांपुढून हे चित्र हलेना.

तिने परागसरांना गेम दाखवला. ते म्हणाले, गेमच काढून टाक. तिने नकारार्थी मान हलवली.

"गेम गेला तर मुलं पुन्हा त्याच्याकडूनच मागतील, सर. गेम जागच्या जागी असू दे. फक्त मी त्यात नको. मग कुणी काही बोललं तरी उघडून दाखवता येईल."

सरांनी कपाटातून गेमची मूळ सीडी काढून दिली. तिच्यावर ओरखडे होते. हर्षदाने जुना गेम काढला, नवा टाकला, सुरू केला. रस्त्यावर पुन्हा तीच उभी होती. ती खुर्चीवरून ताडकन उठली. धर्मेंद्रने बदललेली चित्रं मागे तशीच राहिली होती आणि नव्या गेमने तीच उचलली होती. मग तिने ते अख्खं फोल्डर हाताने पुसलं आणि सीडी पुन्हा लावली. ओरखड्यापाशी गाडं अडलं. तिने सीडी ओढणीने पुसून परत लावली. अखेर पिवळ्या झग्यातली कुणी अनोळखी बाई रस्ता ओलांडून गेली.

दुसऱ्या दिवशी ती शेअर जीपने मोखाड्याला निघाली. समोरच्या बाकावरचा एक माणूस सारखा तिच्याकडे बघत होता. तो असाच बघतोय की त्याने आपल्याला ओळखलंय, हे तिला कळेना. चेहऱ्यावर पदर घ्यावा तसं तिने ओढणीचं टोक गालावर ओढून घेतलं.

सेंटरमध्ये दोन मुलगे गेम खेळत होते. ते वळले आणि तिला बघून त्यांचे हात माऊसवरच थिजले. नीताताईंनी आधी पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"अगं बाई, ही तू? मला वाटलं, कुणी सिनेमातली असेल."

त्यांनी मुलांना बाहेर काढलं आणि शटर अर्धं ओढून घेतलं. दुपारी वीज जायची होती, त्याआधी काम उरकायला हवं होतं. हर्षदाने फोल्डर पुसलं, सीडी लावली. ओरखड्यापाशी मशीन घरघरू लागलं. तेवढ्यात शटरखालून वाकून कुणीतरी आत आलं. धर्मेंद्र.

तो तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. तिला मागे वळवेना. त्याच्या शर्टाला येणारा पेट्रोलचा वास तिच्यापर्यंत पोहोचत होता.

"कशाला एवढी मेहनत, मॅडम?" तो हळू म्हणाला. "माझ्याकडे सीडी आहे. मी उद्या परत टाकीन."

हा खरंच टाकेल, परवाही टाकेल, हे हर्षदाला कळलं. आपण मशीनं साफ करत फिरणार आणि हा मागून येत राहणार. गेम पूर्ण उतरेपर्यंत ती बसून राहिली. पिवळ्या झग्यातली बाई दिसली तशी ती उठली. शटर वर ढकलून रस्ता ओलांडून थेट वडिलांकडे गेली.

पुंजा व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते. तिने त्यांना सगळं सांगितलं. आता नोकरी सोड म्हणतील, म्हणून ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"कितीक लोकांनी बघितलं?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही, बाबा."

ते उठले. साहेबांना सांगून रजा घेतली. नीताताईही सोबत निघाल्या. तिघं पोशेऱ्याला धर्मेंद्रच्या घरी गेले. त्याची आई सुकरी नागलीचं पीठ चाळत होती. कॉम्प्युटर तिने कधी पाहिला नव्हता. नीताताईंनी तिला समजेल अशा शब्दांत सांगितलं: तुझ्या पोराने या मुलीचं तोंड लावून एक बाहुली केलीय आणि गावातली पोरं तिला गाडीखाली चिरडतात. सुकरी चाळण ठेवून उठली. पोराची पेटी तिने अंगणात आणून रिकामी केली. सीड्या गोळा केल्या आणि एकेक करून पाट्यावर वरवंट्याने फोडल्या. धर्मेंद्र आला तेव्हा अंगणभर तुकडे पडले होते. आईसमोर त्याने मान वर केली नाही.

परागसरांनी आणि नीताताईंनी त्याला पुन्हा कामाला बोलावलं नाही. हर्षदाने नोकरी सोडली नाही. पण त्याने आणखी कुणाकुणाला सीडी दिली होती, हे कधीच कळलं नाही. पुढे बरेच महिने, नव्या गावाचा विद्यार्थी क्लासात आला आणि तिच्याकडे जरा रोखून बघू लागला, की शिकवता शिकवता तिचा शब्द मध्येच अडायचा.