गव्हाच्या बिअरसोबत काय हवं

कावळ्याइतकी नाटकी जात दुसरी नाही. एरवी हाकलून जात नाहीत, खिडकीतली पोळी पळवतील, लहान पोराच्या हातचं बिस्कीट नेतील. पण गोदाघाटावर दहाव्याचा पिंड ठेवा, हात जोडा, की लगेच मान वळवून भिंतीवर बसणार. त्या सकाळी तेच चाललं होतं. रंगनाथआबांनी आपल्या एकुलत्या एका मुलाचा, महेशचा, पिंड ठेवून बराच वेळ झाला होता. बापानं मुलाचा पिंड ठेवायचा, असा दिवस वैऱ्यावरही येऊ नये. आणि त्यात कावळा शिवेना.

पानावर महेशच्या आवडीचं सगळं मांडून झालं होतं. जिलबी, शेव, खव्याची पोळी. आबांचे धाकटे भाऊ कारभारीकाका, त्यांनी इकडंतिकडं बघत बिअरची बाटलीही ठेवली. पोरगं जर्मनीला जाऊन आलेलं, घेत असंल कधीमधी, असं पुटपुटले. आबा माळकरी माणूस, पण त्यांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. मग त्यांनी मोठ्यानं बोलून दाखवलं, सृष्टीला शिकवीन, सूनबाईला लेकीवानी सांभाळीन. कावळे जागचे हलले नाहीत. गुरुजी घड्याळ बघू लागले. दर्भाचा कावळा करून उरकून घेऊ, असं त्यांनी सुचवलं तशी धोंडाबाई, महेशची आई, उन्मळून पडल्या. पोराचा जीव असाच भटकत ठेवून घरी कसं जायचं, एवढंच त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या.

महेशची बायको उज्वला चार वर्षांच्या सृष्टीला कडेवर घेऊन मागं उभी होती. जीव कशात अडकलाय ते तिला पक्कं ठाऊक होतं, आणि तिच्याशिवाय दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

महेश अंबडच्या एका कारखान्यात होता. दोन हजार चारच्या उन्हाळ्यात कंपनीनं त्याला नव्या मशिनीच्या ट्रेनिंगला जर्मनीला पाठवलं. येताना त्यानं बनियनात गुंडाळून गव्हाच्या बिअरची एक बाटली आणली आणि कपाटात साड्यांच्या मागं दडवली. घरात असलं काही चालणारं नव्हतं. आई-आबा वणीला गडावर गेले, तेव्हा कुठं बाटलीला मुहूर्त लागला. सृष्टीला निजवून दोघांनी गच्चीवर सतरंजी टाकली. महेशनं ग्लास तिरका धरून हळूहळू ओतली, आणि शेवटी बाटली गोल फिरवून तळाचा गाळसुद्धा ओतला.

अहो, ही तर नासलीय, उज्वला म्हणाली. इतकी गढूळ. तो हसला. म्हणे गाळातच तर खरी चव. तिनं आधी वास घेतला. पिकल्या केळ्याचा, मागून लवंगेचा. सत्यनारायणाच्या प्रसादाचा वास दारूला यावा, म्हणजे काय म्हणावं! घाबरत एक घोट घेतला, मग न घाबरता दुसरा. फारशी कडू नव्हती, किंचित आंबूस, आणि फेस जिभेवर विरून जायचा. मग दोघांना खेळच सापडला, हिच्यासोबत काय जुळतं ते बघायचं. लसणाच्या चटणीनं केळ्याचा मागमूस ठेवला नाही. चिवडा बरा, पण कोरडा. फरसाण नुसतंच खारट. तिकडं हिच्यासोबत उकडलेलं पांढरं सॉसेज खातात, गोडसर मोहरीच्या चटणीशी, महेशनं सांगितलं. आपल्याकडं काय खावं? उज्वलाची जीभ पहिल्यापासून तल्लख. तिनं घोट तोंडात घोळवला, डोळे मिटले.

"मूगभजी. गरम, आलं घातलेली, वरून लिंबू," ती म्हणाली. "त्याशिवाय ही अर्धीच."

सहज म्हटलं होतं हो तिनं. लग्न झाल्यापासून दोघं पहिल्यांदाच अशी कुणाच्या हाकेवाचून बसली होती. पण महेश तोवर उठून चप्पल घालत होता. माझा ग्लास झाकून ठेव, आलोच, म्हणाला. गंगापूर रोडवर डंपरनं त्याला उडवलं. भजीच्या गाडीपर्यंत तो पोचलाच नाही.

लोक जमायच्या आत तिनं ग्लास धुतले, बाटली पेपरात गुंडाळून कचऱ्यात टाकली, आणि कंपनीतून फोन आला म्हणून गेले, असं सांगितलं. सगळ्यांनी मानलं. न मानायला काय झालं? तेव्हापासून धोंडाबाई रोज तिला कुशीत घेऊन निजायच्या, केसांतून हात फिरवायच्या. तिला आता तेवढाच आधार होता. तोंड उघडलं तर तो आधार जाणार, आणि नाही उघडलं तर महेश तसाच, उपाशी.

गुरुजींनी दर्भ हातात घेतला तशी ती पुढं झाली.

"आबा, ते कंपनीत नव्हते गेले. मूगभजी आणायला गेले होते. मीच मागितली होती."

मग बाकीचंही सांगितलं, खाली बघत. बाटली, ग्लास, आपणही प्यायल्याचं. आबांचा हात गळ्यातल्या माळेवर गेला. कारभारीकाका उठले आणि जवळच्याच एका गाडीवरून कागदात मूगभजी आणि लिंबाची फोड घेऊन आले.

उज्वलानं ती स्वतः पानावर ठेवली, लिंबू पिळलं आणि मागं सरली. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी ती मनातल्या मनात कावळ्याला म्हणत होती, नको येऊस. तू आला नाहीस तर अडकलेलं दुसरंच काही होतं, माझ्या शब्दापायी तो गेला नाही. एवढं एकदा कळू दे, मग मी काहीही सोसीन.

तिनं हात पुसले नाहीत तोच कावळा उतरला. जिलबीकडं बघितलं नाही, बाटलीकडं नाही. सरळ भजं ओढलं, पिंडाला चोच मारली आणि उडाला.

शिवला, शिवला, अशी कुजबूज उठली. माणसं मोकळी झाली, कपडे झटकत उभी राहिली. आबा रडत रडत गंगेला हात जोडत होते, पोरगं सुटलं म्हणून. महेश सुटला, खरंच सुटला. आणि उज्वलाविरुद्ध कावळ्यानंच साक्ष दिली. ती आता कुठल्या तोंडानं नाही म्हणणार होती?

धोंडाबाई उठल्या. तिच्या कडेवरून त्यांनी सृष्टीला काढून घेतलं. त्या चिडल्या असत्या, चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"दहा दिस माझ्याच कुशीत रडलीस ना गं," त्या म्हणाल्या.

मग नातीला घेऊन पायऱ्या चढून जीपकडं निघाल्या. त्यांच्या मागोमाग सगळेच. उज्वला, चल, असं कुणी म्हणालं नाही.