पट्टा नसलेलं झाड

"पट्टा मारला होता, त्याचंच लक्ष नव्हतं. एवढंच सांगायचं," साहेब जवळजवळ विनवत होते. "सालीचा चुरा झालाय, आता कोण बघतंय? त्या राईच्या कागदांवर माझीही सही आहे."

हे टोपी हातात धरून उभे होते. मी दाराशी. माझा पाठचा भाऊ जाऊन नऊ दिवस झाले होते.

जंगलातल्या वाळलेल्या, पोकळ झाडांवर लाल पट्टा ओढायचा, हे ह्यांचं काम. पट्टा दिसला की तोडणारे येत. माझा भाऊ त्या तोडणाऱ्यांतलाच. पण जुन्या राईत ह्यांचा ब्रश चालत नसे. एकदा मला नेऊन ह्यांनी पडक्या खोडाची साल उचलून दाखवली होती. आत बुरशीचे पांढरे धागे, लाकूड बोटाने दाबावं इतकं मऊ.

"मेलंय कुठे? कामाला लागलंय," हे म्हणाले. "ही बुरशी लाकूड खाते म्हणून त्याची माती होते. नाहीतर नवं झाड उगवणार कशावर?"

भाऊ चिडवायचा, "ताई, दाजींना तुझ्यापेक्षा कुजकी लाकडं प्यारी!"

त्या दुपारी तो राईत डबा खायला बसला. पट्टा नाही, म्हणजे झाड धड आहे, असं समजून. झाड अंगावर कोसळलं तेव्हा वारासुद्धा नव्हता.

साहेबांकडे निघताना मीच म्हटलं होतं, "ते सांगतील तसं बोला. नोकरी गेली तर राहतं घरही जाईल."

"आणि तुझा भाऊ आंधळा ठरला तर चालेल?" ह्यांनी विचारलं. मी ह्यांची टोपी झटकून हातात दिली.

"पट्टा मारलाच नव्हता, साहेब," हे म्हणाले. "झाड पोकळ आहे, हे मला माहीत होतं."

नोकरी गेली, घर गेलं. आई चार वर्षं ह्यांच्याशी बोलली नाही. मग एका सकाळी दारात येऊन उभी राहिली.

"जावईबापू, ते झाड दाखवा."

खोड तिथेच होतं. अंगभर अळंबीचे थर, आणि पाठीवर बोटबोटभर रोपांची दाट रांग. आई खाली बसली आणि भाजी निवडावी तसं एकेक रोप उपटून बाजूला ठेवू लागली. मला वाटलं, हे तिला अडवतील. हे तिची काठी धरून उभे राहिले, शेवटचं रोप निघेपर्यंत.