साक्षीचा थेंब

या, असे जवळ सरकून बसा. आज एका घाबरलेल्या बाईची गोष्ट सांगतो. देव तिच्या मागे होता की पुढे, ते तुम्हीच ठरवा.

राजपुऱ्यातल्या छोट्या लॅबमध्ये कोकिळा किटच्या खळग्यांकडे बघत होती आणि तिचे हात गार पडत होते. ॲलर्जीची अँटीबॉडी रक्तात असेल, तर खळगा पिवळा होतो. कोकिळेला लहानपणापासून शेंगदाणा चालत नाही, घसा मिटतो. म्हणून दर तपासणीत ती स्वतःच्या सीरमचा थेंब साक्षीला ठेवी. तो पिवळा झाला, की किट खरं बोलतंय. आज तो पाण्यासारखा नितळ राहिला होता.

"सर, किट मेलंय," ती म्हणाली. "काल एकादशीला पंचामृताचं दूध फ्रिजमध्ये ठेवायला मी किट बाहेर काढलं. दुपारभर उन्हात खिडकीतच राहिलं. अन् संध्याकाळी कीर्तनाची घाई, म्हणून सायलीच्या टेस्टला माझा थेंब घातलाच नाही."

सायली बहादरपूरच्या अमोलची लेक. एकदा शेंगदाण्याने तिचा चेहरा सुजला होता. सकाळीच अमोल 'ॲलर्जी नाही' असा रिपोर्ट घेऊन हसत गेला होता. "मायनं नवस बोलला होता, मॅडम. आज कीर्तनात दाण्याचे लाडू, पहिला सायलीले!"

लॅबचे मालक सुधाकर सर दबक्या आवाजात म्हणाले, "बोभाटा नका करू. नवीन किट येऊ द्या. लॅबचं नाव जाईल."

"अन् पोरगी?"

कोकिळेने फोन लावला. कीर्तनाला बसताना सगळे फोन बंद करतात, अमोलचाही बंद. तिने स्कूटी काढली.

रस्ताभर केळीच्या बागा मागे पळत होत्या, आणि ती पुटपुटत होती. 'पांडुरंगा, आरती लांबव. जरा लांबव.'

देवळाशी पोचली, तेव्हा टाळ थांबलेले होते. अमोलच्या आईच्या, शारदा आजीच्या चिमटीत लाडू होता, आणि सायलीने आऽ केला होता.

"आजी, नको!"

सगळा मंडप वळला. आजी तडकल्या, "बाई, येडी झाली का तू? देवाच्या परसादानं कोनाले काही होते का?"

"पर रिपोर्टमध्ये तर सब ठीक लिहिलंय ना?" अमोल उठला.

हळूच, बाजूला घेऊन सांगता आलं असतं. पण लाडू अजून चिमटीत होता.

"रिपोर्ट खोटा आहे. चूक माझी. देवाच्या दुधासाठी मी किट उन्हात ठेवलं."

बुवांनी चिपळ्या खाली ठेवल्या. आजींनी हात मागे घेतला. लाडू परत परातीत गेला. सायलीने भोकाड पसरलं, तेव्हा कोणीतरी तिच्या हातात केळं दिलं.

नवीन किटवर सायलीचा खळगा हळदीसारखा पिवळा झाला. ते बघायला कोकिळा लॅबमध्ये नव्हती. सरांनी तिला घरी बसायला सांगितलं होतं.

अजून बहादरपूरच्या त्या देवळात लाडवांच्या परातीशेजारी दाणे न चालणाऱ्यांसाठी केळ्यांची एक फणी ठेवतात. शेवटच्या ओळीत तीच बाई बसते, पदर सावरून फणीतलं केळं घेते आणि डोळ्यांना लावते. तुम्ही प्रसादाला हात पुढे कराल ना, तेव्हा तेवढी आमच्या कोकिळेची आठवण ठेवा.