भट्टी निवायच्या आधी

दादा थापा मारतो हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण माझ्या बरण्यांवर हा डल्ला मारेल असं वाटलं नव्हतं. बरण्यांची ऑर्डर द्यायला एका हॉटेलचे मालक आमचा कारखाना बघायला आले, तेव्हा माझा हा सख्खा भाऊ छाती फुगवून म्हणाला की सगळं काम त्याच्याच हातचं आहे. मी शेजारीच, कोपरापर्यंत मातीत. वर मलाच चहा ठेवायला सांगितलं! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

चाकावर मी बसले, झिलई मी चढवली, भट्टी मी लावली. दादाने बोलायचं काम केलं. ते त्याला झकास जमतं, नाही कशाला म्हणू?

माल न्यायच्या आदल्या दिवशीच मालक न कळवता टपकले. बरण्या अजून भट्टीत होत्या. आग विझली होती आणि आता काम एकच, थांबायचं. भट्टी आपणहून निवेपर्यंत दाराच्या विटा काढायच्या नाहीत, नाहीतर गार वारा आत शिरतो आणि भांडी तडकतात. मी विटांना हात लावून पाहिला तर चांगलाच चटका बसला.

"उघडता येईल का आता?" मालकांनी विचारलं. अर्थात दादाला.

दादाने माझ्याकडे पाहिलं. चारचौघांत तो मला असंच डोळ्यांनी विचारतो, आणि मी गाढवासारखी मान हलवून सांगत आले. या वेळी मी पाठ फिरवली आणि चाकावरची माती खरवडत बसले. तोंडाने विचारलं असतं तर सांगितलं असतं. माझी महिनोन् महिन्यांची मेहनत त्या भट्टीत होती. पण विचारू दे ना एकदा, मालकांच्या देखत.

"त्यात काय, उघडू की," दादा म्हणाला आणि फडकं गुंडाळून विटा काढायला लागला.

आधी एकच टण्ण झालं. मग एकामागून एक सगळ्या तडकायला लागल्या. माझी सगळ्यात मोठी बरणीसुद्धा गेली. पण मी जागची हलले नाही.

"अगं, मला काय कळतंय यातलं?" दादा माझ्यावर ओरडला. "तू सांगायचं नाहीस का?"

बोलून गेला आणि मग त्याच्या लक्षात आलं. मालक सावकाश वळले आणि पहिल्यांदाच त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. दादाचं तोंड एवढंएवढंसं झालं. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू मला!