शिवलिंगची डबल ड्यूटी

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. गल्लीत टँकर आठ दिवसांतून एकदा यायचा. शिवकांताला सातवा महिना लागला होता. वजन उचलायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. नवरा शिवलिंग म्हणाला होता, "टँकरच्या दिवशी मी हाय. तू घागरीला हात लावू नको."

तो दिवस उजाडला. शिवलिंग एका मोठ्या दुकानांच्या इमारतीच्या गेटावर रात्रभर पहाऱ्याला उभा होता. ड्यूटी बारा तासांची. सकाळी आठला रिलीव्हर व्यंकटी आला की हा सुटणार. सव्वाआठ झाले. व्यंकटीऐवजी सुपरवायझरचा फोन आला.

"शिवलिंग, आज डबल मार. माणूस न्हाई."

"साहेब, आज घरी..."

"तुझं रोजचंच हाय!" फोन बंद.

शिवलिंगनं घरी कळवलं. "डबल पडली गं."

"परवाबी पडली होती," शिवकांता एवढंच म्हणाली.

आवार झाडणाऱ्या सरजाबाईंनी ते ऐकलं. "काय रे, पोटुशी बायको पाणी भरणार व्हय?"

"रिलीव्हर आल्याबिगर गेट सोडायचं न्हाई, मावशी. नियम हाय."

"मग व्यंकटी कुठं मेला?"

शिवलिंगनं व्यंकटीला फोन लावला. तो औसा रोडच्या एका गोदामावर उभा होता. काल रात्री तिथला माणूस आला नाही, म्हणून त्याला तिकडं लावलं होतं, आणि सकाळीही सोडलं नव्हतं!

सरजाबाईंनी झाडू भिंतीला टेकवला. "बघ. तो तिथं अडकला म्हणून तू इथं अडकलास. तुम्ही सगळे मुकाट थांबून राहिलात, मग साहेब जादा माणूस कशाला ठेवील? आन् नियम तुलाच हाय का? बारा तासांनी माणूस पाठवायचा, हा नियम त्याला न्हाई?"

"नोकरी गेली तर?"

"जाईल बी. मी काय सांगू? पण तिकडं घरी काय जाऊ शकतंय, त्याचा इचार कर."

शिवलिंगनं सुपरवायझरला फोन लावला. "साहेब, गेट मी मोकळं सोडत न्हाई. पण माझे बारा तास झालेत. माणूस पाठवा, न्हाईतर तुम्ही या."

शिव्या खाव्या लागल्या. पण साडेनऊला सुपरवायझर स्वतः मोटारसायकलवर आला आणि धुसफुसत खुर्चीवर बसला!

शिवलिंग धावत घरी पोचला. टँकर येऊन गेला होता. शिवकांता कमरेवर हात ठेवून उंबऱ्यात बसली होती.

"चार घागरी आणल्या. पाचवी शेजारच्या नीलाबाईनं हातातून हिसकून घेतली."

"दुखतंय का?"

"दुखत होतं. आता थांबलंय."

शिवलिंग तिच्या शेजारी खाली बसला. "चुकलं माझं. फोन आला की व्हय म्हणायची सवयच लागली."

"उद्या पुन्हा आला तर?"

"न्हाई म्हणीन."

शिवकांताचा विश्वास बसला नाही. पण त्याच आठवड्यात शिवलिंग, व्यंकटी आणि आणखी पाच जण मिळून सुपरवायझरकडे गेले. कुणाच्या घरी आजारपण असेल तर आम्ही एकमेकांसाठी डबल ड्यूटी करू, एरवी नाही, असं त्यांनी सांगितलं. पंधरा दिवसांत दोन नवी माणसं भरली गेली.

बंधुभगिनींनो, थकलेल्या माणसाचं मुकाट थांबणं ही निष्ठा नव्हे. त्यानं दुसराही अडकतो. आणि आपण तरी काय करतो? गेटावरच्या माणसाच्या सलामाला मान हलवून आत जातो. उद्या जाताना दोन मिनिटं थांबा आणि विचारा, "दादा, घरी कधी गेला होता?"