रोज अर्धी बाटली फिनेल

द्रौपदाबाईंच्या घरात शिरलं की आधी फिनेलचा वास यायचा आणि मग माणसं दिसायची. एक्याण्णव साली त्यांनी देवपुरातल्या नव्या कॉलनीत घर बांधलं. गटारं तिकडे यायची होती आणि यायचीच राहिली होती, म्हणून घरोघरी मागच्या अंगणात संडासाची टाकी आणि तिचं पाणी जिरवायला शोषखड्डा. द्रौपदाबाई रोज सकाळी संडास घासायच्या आणि वरून अर्धी बाटली फिनेल ओतायच्या. उन्हाळ्यात पाऊण.

"अगं, संडास आहे की दवाखाना?" नवरा अभिमन विचारायचा. तो पाटबंधारे खात्यात कारकून, स्वभावानं थंड. कुणी तोंडावर बोललं तरी हसून सोडून देणारा. द्रौपदाबाईंना हे सोडून देणं जमायचं नाही.

कॉलनीत घरं अकरा, त्यातलं बौद्धांचं एकच. द्रौपदाबाईंच्या आईनं, झुंबरबाईनं, पारोळ्याकडच्या खेड्यात उभा जन्म लोकांच्या अंगणाबाहेर उभं राहून पाणी मागितलं होतं. ते पाहतच द्रौपदाबाई लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या. आपल्या घराकडे बघून कुणी नाक मुरडायचं नाही, बोट ठेवायला कुणाला तसूभर जागा मिळू द्यायची नाही, एवढं एकच त्यांनी या घरात पाऊल टाकताना ठरवलं होतं. त्यासाठी त्या हाताची सालटी निघेपर्यंत घासत होत्या.

आणि दिवाळीनंतर वास सुटला, तो नेमका त्यांच्याच टाकीतून!

आधी वाटलं, उंदीर मेला असेल. मग वास वाढला. हवेच्या नळीतून तो सगळ्या गल्लीत पसरू लागला. शोषखड्ड्याच्या कडेनं काळं पाणी वर आलं. द्रौपदाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी फिनेल अर्ध्या बाटलीवरून एका बाटलीवर नेलं. वास हटेना. दार लावून घ्यावं तर घरात कोंडायचा, उघडावं तर शेजारी बघायचे.

शेजारच्या पुष्पाबाई, रतिलालशेठ किराणावाल्यांच्या पत्नी, भिंतीपलीकडे तांदूळ निवडता निवडता कुणाला तरी सांगत होत्या. आवाज हळू ठेवायची त्यांना सवय नव्हती. "नवीन नवीन वापरायला लागलेत, त्यांना काय कळतंय! आता आपणच नाकाला पदर लावायचा नि आपल्या घरात जास्तीचं फिनेल टाकायचं."

द्रौपदाबाईंनी हातातली बादली खाली ठेवली. रडू आलं नाही, अंगाची लाही लाही झाली. जाऊन चार शब्द सुनवावेत असं फार वाटलं. पण सुनवणार काय? वास तर खरंच येत होता. त्याचाच त्यांना जास्त राग आला.

अभिमननं दुसऱ्या दिवशी झुलाल मिस्त्रीला आणलं. टाकी त्यानंच बांधलेली. पारोळ्याचा माणूस, दोन शब्दांत काम उरकणारा. त्यानं झाकण सरकवलं, जरा वारा जाऊ दिला, मग लांबूनच काठी घालून वर काढली आणि तिच्याकडे पाहतच राहिला.

"अक्का, टाकीमा काय टाकतस तुम्ही?"

"काही नाही. फिनेल तेवढं."

"कितलं?"

द्रौपदाबाईंनी अभिमानानं सांगितलं. झुलालनं कपाळावर हात मारला.

"मंग बठ्ठा जंतू मरी गयात ना! चांगली टाकी शे का नही, तिन्हावर दुधावानी साय धरस. तुमनी टाकीवर काहीच नही. ती घान पचाडाले जंतू लागतस, नि तुम्ही तेस्लेच जहर पाजी ऱ्हायनात."

"म्हणजे मी घासते म्हणून वास येतो?" द्रौपदाबाईंचा आवाज चिरकला.

"घासा ना, मी कोठे नही म्हनस! साधं पानी नि खराटा बास शे. फिनेल बंद करा, दोन बादल्या ताजं शेन पानीमा कालवा नि टाकीमा सोडी द्या. मंग महिनाभर दम धरा."

दम धरणं हे द्रौपदाबाईंना सगळ्यांत अवघड. पहिले आठ दिवस सकाळी त्यांचा हात आपोआप फिनेलच्या बाटलीकडे जायचा. आपण घाण राहतोय, आई असती तर काय म्हणाली असती, असं वाटून जीव कासावीस व्हायचा. पण झुलालच्या शब्दावर त्या टिकल्या. शेण त्यांनी गवळ्याकडून आणलं, पदर खोचून स्वतः कालवलं आणि टाकीत सोडलं. पुष्पाबाई तेव्हा गच्चीवरून बघत होत्या.

महिना उलटला आणि वास गेला. शोषखड्ड्याची कड कोरडी झाली. मोकळ्या हवेत श्वास घेताना द्रौपदाबाईंना माहेराहून निरोप आल्यासारखं बरं वाटलं.

पण होळीच्या सुमाराला वास पुन्हा सुटला. द्रौपदाबाई धावत अंगणात गेल्या, नळीखाली उभ्या राहिल्या, खड्ड्याभोवती फिरल्या. वास त्यांचा नव्हता. तो भिंतीपलीकडून येत होता.

खरं सांगायचं तर त्यांना हसू फुटलं. येऊ दे की! सगळ्या गल्लीनं आता तिकडे बघून नाकाला पदर लावावा. दोन दिवस त्यांनी हे सुख मनसोक्त चाखलं, आणि तिसऱ्या दिवशी पुष्पाबाईच दारात उभ्या. राहायला आल्यापासून पहिल्यांदाच.

"द्रौपदाबाई, तुमचा वास कशानं गेला हो? आम्ही रोज बाटली बाटली ओततोय, तरी..."

"ओतताय म्हणूनच येतोय," द्रौपदाबाई म्हणाल्या. सांगावं की न सांगावं हे ठरवण्याआधीच त्या बोलून गेल्या होत्या. मग त्यांनी सगळं नीट सांगितलं. फिनेल बंद, साय, शेण, दोन बादल्या, महिनाभर दम.

पुष्पाबाईंचा चेहरा खुलला. "अय्या, एवढंच? मग तुम्हीच येऊन टाकून द्या ना! गाय आमच्या दारात आहेच. तुम्हाला सवय आहे त्याची."

त्या हे अगदी सहज बोलल्या. मीठ मागावं तितक्या सहज. वाईट हेतू त्यांच्या मनात नव्हताही कदाचित, आणि द्रौपदाबाईंना तेच जास्त लागलं. आईसारखं मान खाली घालून 'येते' म्हणायला जीभ क्षणभर वळलीही. ती त्यांनी आवरली.

"नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "टाकी तुमची, शेण तुमच्या गाईचं. हातही तुमचेच लागतील. मी भिंतीजवळ उभी राहून सांगते."

पुष्पाबाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. त्या तशाच परत फिरल्या.

द्रौपदाबाईंना वाटलं, संपलं, आता या जन्मात बोलणार नाहीत. तरीही त्या भिंतीजवळ जाऊन उभ्या राहिल्या. सांगते म्हटलं होतं ना!

बराच वेळ पलीकडे काही हललं नाही. मग गोठ्याचं दार वाजलं. पुष्पाबाई शेणाची पाटी घेऊन आल्या, भिंतीकडे न बघता त्यांनी ते बादलीत टाकलं, पाणी ओतलं आणि थांबल्या.

"काठीनं ढवळू?"

"गाठी राहतील," द्रौपदाबाई म्हणाल्या. "हातानं कालवा."

पुष्पाबाईंनी एकदा गल्लीकडे पाहिलं. मग बांगड्या मागे सारल्या, पदर खोचला आणि दोन्ही हात कोपरापर्यंत बादलीत घातले.