सांगून बनवून घेतलेला माल

न्नेवी शहराच्या बाजारात इंजिनाचे सुटे भाग विकणारे व्यापारी बनावट मालाचा विषय निघाला की चीनच्या नावानं बोटं मोडतात. ओक्वुडिली त्यांतलाच. पिस्टनच्या रिंगा तो चीनहून कंटेनर भरून मागवायचा आणि दुकानासमोर भाजलेलं केळं खात म्हणायचा, "लाजच नाही त्या लोकांना!"

एका सकाळी बसमालक एझेनवा मेकॅनिक अनायोची कॉलर धरून ओक्वुडिलीच्या दुकानात शिरला. मागे मेकॅनिक संघटनेची माणसं होती.

"इंजिनचं काम करून तीन आठवडे झाले नाहीत, गाडी पुन्हा ऑइल खातेय! इथून नेलेल्या अस्सल रिंगा ह्यानं परस्पर विकल्या आणि आत भंगार घातलं!"

अनायोनं काढलेल्या रिंगा काउंटरवर ठेवल्या. "ओगा, मालक, ह्या तुमच्याच दुकानातल्या. डबा मी तुमच्यासमोर फोडला होता. सांगा ह्यांना."

ओक्वुडिलीनं रिंगा लगेच ओळखल्या. नामांकित कंपनीच्या नावाचे डबे त्यानंच वेगळे छापून घेतले होते.

"डबा माझा आहे," तो म्हणाला. "पण गाडीत काय घातलं, ते मी कसं सांगू?"

दुपारी अनायोच्या शेडला संघटनेचं कुलूप लागलं. अठरा वर्षं इमानानं काम केलेला माणूस एका वाक्यात चोर ठरला!

ओक्वुडिलीनं चिडून चीनमधल्या कारखान्याला फोन लावला. तिथल्या श्यू बाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, आम्ही तीन नमुने पाठवले होते. सर्वांत हलका तुम्ही निवडलात. मी दोनदा विचारलं होतं. चांगल्या रिंगाही आम्ही बनवतो. जे मागतात त्यांना पाठवतो."

शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोनं, उझोआमाकानं, सगळं ऐकलं.

"आता कुणाला शिव्या घालणार?"

"सगळा बाजार हेच करतो."

"अनायोला बाजारानं नाही बुडवलं, तुम्ही बुडवलंत."

"खरं सांगितलं तर दुकान बसेल!"

"बसू दे! गिऱ्हाइकाला डब्यावरचं नाव वाचता येतं, आतलं लोखंड नाही. म्हणून तर तो आपल्या शब्दावर विसंबतो. आपण तो शब्दच खोटा विकला!"

महिनाभर ओक्वुडिलीला अन्न गोड लागेना. शेवटी संघटनेच्या बैठकीत तो उभा राहिला. "रिंगा माझ्याच होत्या. अनायो खरं बोलत होता!" एझेनवा त्याच्या पायाशी थुंकला. कुलूप निघालं.

ओक्वुडिली शोधत गेला, तेव्हा अनायो सिमेंटच्या गोदामात पोती उचलत होता.

"हत्यारं विकली मी, ओगा."

"नवी घेऊन देतो. गिऱ्हाइकांना घरोघर जाऊन सांगतो."

"माझ्या मुलीची सोयरीक मोडली. चोराच्या घरची मुलगी नको म्हणाले. त्यांनाही सांगाल?"

ओक्वुडिली त्यांच्याकडेही गेला. त्यांनी त्याच्यापुढे पाहुण्याला द्यायची कोलाची बीही ठेवली नाही. मुलाचं दुसरीकडे ठरलं होतं. अनायो पुन्हा बाजारात आला नाही.

ओक्वुडिली आता चांगला माल मागवतो, डब्यावर स्वतःचं नाव छापतो. विक्री निम्म्यावर आली आहे.

बंधूंनो, भगिनींनो, खोटा माल परक्या देशातून आपला आपण चालत येत नाही. तो आपल्यातलाच कुणीतरी सांगून बनवून घेतो. चूक कबूल करायची असेल, तर ज्या दिवशी शेजाऱ्यावर आळ येतो त्याच दिवशी करा. उशिरा बोललेल्या सत्यानं कुलूप उघडतं, मोडलेलं घर सांधत नाही!